उगवला म्हणजे उगवला

अहो, गटारीला पोटभर मटण खाऊन गेलात ते एक बरं केलंत. नाहीतर श्रावण पाळायला लागला असता आणि महिनाभर तुमचं ते उतरलेलं तोंड मला बघायला लागलं असतं. रविवारचं मटण चुकलं तर सोमवारी सगळ्या गल्लीशी भांडण काढणारा माणूस तुम्ही. अमावास्येला तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, वर आणखी वाटीभर तांबडा झाला, आणि हात धुता धुता म्हणालात, "मालू, आज मीठ अगदी बरोबर पडलंय." लग्नानंतर पहिल्यांदाच. मला तिथंच शंका यायला पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता खुर्चीतच मान टाकलीत. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंसुद्धा नसेल. तुम्हाला नसेल कळलं. मला कळलं.

गेलात तेही नेमकं प्रतिपदेला. त्यामुळं दहाव्याला दशमी आली आणि तेराव्याला तेरस. भटजी म्हणाले, "यजमानांनी लक्षात ठेवायला सोपं करून ठेवलं." त्यांना काय जातंय म्हणायला. तुम्ही गेलात तेव्हा आभाळात चंद्र नव्हता, आणि मग सुतकाच्या दिवसांत तो रोज थोडा थोडा मोठा होत गेला. श्रावणातलं आभाळ, कधी दिसायचा, कधी नाही. बायका भेटायला यायच्या, गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून मागच्या दारातनं वर बघत राहायची. लोकांना वाटलं, बाईला धक्का बसलाय. धक्का बसलाच होता. पण तुम्ही लावलेली सवय कुठं जाणार?

आलेल्या माणसांनी तुमचं लई कौतुक केलं. शिरोळकडचे पावणं आले, महापुरात बुडालेल्या त्यांच्या मोटरी तुम्ही दुकानात ढिगानं मांडून एकेक कशी रिवाइंड करून दिलीत ते सांगून गेले. पेठेतली पोरं आली, फुटबॉलच्या मॅचला तुम्ही कसे घसा बसेपर्यंत ओरडायचात ते सांगून गेली. सगळं खरं. पण आपल्या वादाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि अर्धा राहिलाय तो तोच. मोटरी सगळ्या दुरुस्त करून गेलात, वाद तेवढा तसाच टाकून गेलात.

वाद साधाच होता. न दिसणारा चंद्र उगवला म्हणायचा की नाही? तुम्ही म्हणायचात, उगवला म्हणजे उगवला, दिसो न दिसो. मी म्हणायची, मला दिसेल तेव्हा उगवला. बाकीच्या घरात असल्या गोष्टीवर कुणी तोंड उघडणार नाही. आपल्या घरात त्यावर माझं जेवण अडकलेलं असायचं.

कारण माझी संकष्टी. लग्न होऊन आले तेव्हापासून चतुर्थीला दिवसभर उपास आणि चंद्र बघून जेवायचं. तुमचा उपासावर काडीचा विश्वास नव्हता. "गणपतीला तू उपाशी राहून काय मिळतंय? त्याला मोदक पायजेत, तुझी भूक न्हाय," असं देवघरासमोर उभं राहून म्हणायचात. आणि संध्याकाळ झाली की तेच तुम्ही, हाताला वार्निशचा वास, शर्टावर तांब्याच्या तारेचे तुकडे, दुकानातनं आलेले तसे टेरेसवर. टेरेसवरून पूर्व धड दिसत नाही म्हणून पाण्याच्या टाकीवर. मी खाली मागच्या दारात ताट झाकून बसलेली. वरून तुमची आरोळी यायची, "आला गंऽऽ!" मी बाहेर येऊन मान वर करायची, तोवर चंद्र आपल्या अंगणातनं दिसायला आणखी थोडा वेळ असायचा. तुम्ही वरून डाफरायचात, "आला म्हणतोय न्हवं? जेव की!" मी म्हणायची, "मला दिसूदे आधी."

तुमच्या आरोळीवर शेजारची सुमन जेवायची, तिच्यापलीकडची जेवायची, हळूहळू गल्लीतल्या सगळ्या संकष्टीवाल्या जेवायला लागल्या. कॅलेंडर प्रत्येकीच्या भिंतीवर होतं, पण त्यातल्या वेळेवर तुमचा राग. "ती मुंबईची वेळ हाय. आपण मुंबईच्या पूर्वेला. आपला चंद्र त्यांच्या आधी उगवतोय!" हे सांगताना छाती अशी पुढं यायची, जसं काही तुम्हीच त्याला मुंबईच्या आधी ढकलून बाहेर काढलाय.

त्याच छातीनं एकदा घात केला. आठवतंय ना? आठवत नसेल तर मी आहे आठवण करून द्यायला.

पूर्वेच्या अंगाला ती चार मजली बिल्डिंग उठत होती तेव्हाची गोष्ट. कार्तिकातली संकष्टी. कुठंतरी उसाचं पाचट पेटवलेलं, आभाळ धुरकट. तुम्ही टाकीवर चढलात आणि चढल्या चढल्या ओरडलात, "आला गंऽऽ! आज लई फुडं हाय आपण मुंबईच्या!" मी मान वर केली, बिल्डिंगच्या टोकाला धुरात पिवळा गोल. नेहमीच्या आरोळीच्या मानानं वेळ लवकर होती, पण दिसला म्हटल्यावर माझा प्रश्नच मिटला. नमस्कार केला, नैवेद्य दाखवला, जेवले. गल्ली जेवली. सुमन हात धुवायला बाहेर आली आणि तिथनंच किंचाळली, "वैनीऽऽ! आजून एक उगवाय लागलाय!"

बघते तर खरंच. बिल्डिंगच्या दुसऱ्या कडेनं तांबूस, मोठा, अंगानं भरलेला चंद्र सावकाश वर येतोय आणि शेजारी तुमचा तो पिवळा गोल तसाच. सगळ्या बायका बाहेर. तुम्ही अजून टाकीवरच. कबूल करायचं सोडून म्हणालात काय, "पयला तोच खरा हाय, ह्यो दुसरा कसला ते बघाय लागंल." तेवढ्यात वॉचमननं परांचीवरचा बल्ब बंद केला आणि तुमचा चंद्र जागच्या जागी मावळला.

त्यानंतर गल्लीत जो गोंधळ झाला तो आठवून मी आत्ता लिहिताना परत हसतेय. वन्सं बाहेरच्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्यात, त्या दारातनं डोकावून गेल्या. सुतक फिटून धड आठवडा झाला नाही आणि ही हसतेय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

सुमन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "दाजी, आमचा उपास मोडला. त्याचं काय करायचं?" तुम्ही शिडी उतरलात, सगळ्या बायकांच्या मध्ये उभे राहिलात आणि म्हणालात, "चूक माझी. फुडची संकष्टी तुमच्या सगळ्यांच्या वाटणीची मी धरतो." बायका टाळ्या पिटून हसल्या. पुढची संकष्टी आली रविवारी.

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. सकाळी खिचडी खाल्लीत. अकरा वाजता रताळी. दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, दोनदा. चार वाजता केळी. आणि मध्ये मध्ये उसासे असे, की तिसऱ्या घरात ऐकू जावेत. शेजारच्या कुकरमधनं मटणाचा वास आला तेव्हा तुम्ही उठून आपली खिडकी लावून घेतलीत. ऊन असतानाच टेरेसवर जाऊन बसलात. आणि नेमके त्या दिवशी अवकाळीचे ढग आले. पूर्व सगळी काळी.

कॅलेंडरातली वेळ झाली. तुम्ही खाली आलात. "मालू, उगवला. वाढ."

"दिसला?"

"ढगात हाय."

"मग उगवला कसा?"

"अगं, गाडी स्टँडात लागली. आपण घरात बसलोय म्हणून आपल्याला दिसली न्हाय. म्हणून गाडी आलीच न्हाय व्हय? उगवला म्हणजे उगवला!"

एवढे दिवस आपल्यात हा वाद नव्हताच. तो त्या दिवशी तुमच्या भुकेतनं जन्माला आला. पुढं तुम्ही त्याला शास्त्र, विज्ञान, काय काय म्हणालात, पण मूळ कारण मटणाचा वास, हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं, तुमच्या हिशोबानं उगवलाय तर तुम्ही जेवा, मी दिसेपर्यंत थांबते. ताट वाढून दिलं. भाकरी, वांग्याची भाजी, वरणभात, मोदक. तुम्ही मांडी घालून बसलात. भाकरी मोडलीत. तुकडा भाजीत बुडवलात. आणि तो तसाच ताटात ठेवून माझ्याकडं बघत बसलात.

"जेवा की."

"तू ये मग."

"तुमचा उगवलाय न्हवं?"

"उगवलाय. पण तू ये."

बऱ्याच वेळानं ढग हलले आणि चंद्र दिसला. मग दोघं एकदम जेवलो. किती भाकऱ्या खाल्ल्या ते मी मोजलं नाही. पण त्या रात्री मला तुमचा जो अभिमान वाटला तो तुम्हाला सांगायचा राहिला. ढगातल्या चंद्रावर तुमची खात्री होती, पोटात आग पडली होती, समोर ताट होतं, आणि माझ्यासाठी तुम्ही घास उचलला नाहीत. एवढं कोण करतं हो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र परत वकिली सुरू. "मला एक म्हैना दे. आवस ते आवस. रोज चंद्र बघायचा. तू म्हैन्यातनं एकदा त्येला बघतेस, लांबच्या पावण्यासारखी. त्यो काय करतोय, कवा येतोय, कवा जातोय, तुला काय ठावं? म्हैना झाला की मग बोल." मी म्हटलं, मला ब्लाउज शिवायचेत, लग्नसराई आहे. तुम्ही म्हणालात, मशीन उचलून टेरेसवर नेऊन ठेवतो. नेऊन ठेवलीत सुद्धा असती, म्हणून हो म्हटलं.

पौषातली बीज. तुम्ही मला स्कूटरवर घालून रंकाळ्याला नेलंत. किती वर्षांनी गेलो होतो आपण तिथं नुसतं बसायला! सूर्य तळ्यापलीकडं बुडाला आणि तिथंच जरा वर, नखाएवढी कोर. मी भेळ खाईपर्यंत खाली सरकली आणि गेली पण. मी म्हटलं, "आला न्हाय तोवर गेला?" तुम्ही म्हणालात, "सकाळीच आला होता. सूर्याच्या मागोमाग दिवसभर आभाळात होता. तुला दिसला आत्ता." मी म्हटलं, "भेळेत तिखट कमी आहे." तुम्ही कपाळाला हात लावलात.

मग रोज. रोज तो पाऊण-एक तास उशिरा मावळणार, रोज जरा वरून सुरुवात करणार, रोज जरा जाडा होणार. अष्टमीला दुपारी चहाच्या वेळी तुम्ही दुकान सोडून धावत आलात. मला मशीनवरून उठवलंत, टेप गळ्यात तशीच, आणि अंगणात उभं करून पूर्वेला बोट दाखवलंत. भर उन्हात अर्धा चंद्र! वाळत घातलेल्या पापडासारखा पांढरा. एवढं वय झालं होतं माझं, पण चंद्र दुपारी उगवतो हे मी कधी बघितलंच नव्हतं. तोंडातनं "अगंबाई" निघून गेलं. तेवढ्या "अगंबाई"वर तुम्ही आठवडाभर खूष होतात.

पौर्णिमेला तुम्ही मला टाकीवर चढवलंत. लुगड्याचा काष्टा घालून मी लोखंडी शिडी चढतेय, खाली सुमन फोटो काढतेय, तुम्ही वरून हात देताय आणि "दम धर, दम धर" म्हणून स्वतःच धापा टाकताय. वर उभी राहिले तर एका अंगाला सूर्य टेकलेला, दुसऱ्या अंगाला, त्या बिल्डिंगच्या खांद्यावरनं, चंद्र वर येतोय. दोघं समोरासमोर. मधे आपण, पाण्याच्या टाकीवर. मला रडू आलं. का ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. आत्ता सांगते. एवढं मोठं रोज आपल्या डोक्यावर चाललंय आणि मी खाली मान घालून काजबटणं करत बसले, असं वाटलं. वाईट नाही वाटलं. बघायला मिळालं म्हणून रडले.

पौर्णिमेनंतर गंमत उलटी झाली. संध्याकाळी नाही, सकाळी. मी दारात सडा टाकतेय आणि तो पश्चिमेला अजून तसाच, घरी न गेलेल्या पोरासारखा. मग तुम्ही दुकान उघडायला निघालात तेव्हा अर्धा, डोक्यावरून जरा कललेला. या वेळी उजेड दुसऱ्या अंगाला. जेवताना तुम्ही भाकरी हातात घेऊन शिकवणी घेतलीत. दिवा म्हणजे सूर्य, भाकरी म्हणजे चंद्र, वाटी म्हणजे कोल्हापूर. "त्येचं उजळ पोट कायम सूर्याकडं. कवा पण बघ." मी म्हटलं, भाकरी थंड होतेय. पण बघत होते मी. सगळं बघत होते.

अमावास्येच्या आदल्या पहाटे नळाला पाणी आलेलं. मी घागरी भरतेय आणि वरून तुमची हाक. मी ओलीगच्च वर. पूर्वेला उजाडायच्या आधीची कोर, इतकी बारीक की श्वास सोडला तर विझेल असं वाटावं. शिंगं उलट्या बाजूला. पोट खाली, सूर्य यायचा होता तिकडं. दोघं ती बघत उभे राहिलो. खाली नळ वाहत होता, तो सुमननं येऊन बंद केला.

आणि मग अमावास्या. मी सकाळीच पदर खोचून समोर उभी. "दाखवा आता."

तुम्ही सूर्याकडं बोट केलंत. "त्येच्या शेजारी हाय. आत्ताच उगवला त्येच्याबरोबर. दिवसभर त्येच्याबरोबर चालणार, संध्याकाळी त्येच्याबरोबर मावळणार."

"दिसत न्हाय."

"उजेडात हाय म्हणून दिसत न्हाय."

"दिसत न्हाय म्हणजे न्हायच."

महिनाभराची मेहनत पाण्यात! तुम्ही चप्पल घातलीत आणि न जेवता दुकानात गेलात. दुपारी मी डबा घेऊन आले तेव्हा मोटरीशी बोलत होतात, माझ्याबद्दल.

पुढं त्या सूर्यग्रहणाला तुम्ही काळी काच घेऊन आलात. सूर्याला एका अंगानं चावा घेतलेला. "आज आवस हाय. बघ, मधी कोण आलाय? त्योच! दिसत न्हवता त्यो!" आता यापुढं बोलायला जागाच नव्हती. मी काच डोळ्यावरून काढली आणि म्हटलं, "तो राहू." अहो, तुमचा चेहरा! तुम्ही ती काच गच्चीवरून भिरकावणार होतात, शेजाऱ्यांची मोटरसायकल खाली होती म्हणून राहिलात.

त्यानंतरची सगळी वर्षं तेच. पावसाळ्यात ढग आले की तुम्ही म्हणणार उगवला, मी म्हणणार दिसूदे, तुम्ही वैतागत परत टाकीवर चढणार, ढगात फट पडते का बघणार, आणि मी जेवेपर्यंत तुम्ही जेवणार नाही. शेवटी शेवटी गुडघे दुखायचे तुमचे. शिडीचा एकेक पाय चढताना "आई गं" ऐकू यायचं. मी खालून ओरडायची, "राहूद्या, पडाल." तुम्ही म्हणायचात, "तू मान्य कर, मग न्हाय चढत."

मान्य नाही केलं मी.

तर आता या महिन्याचं ऐका. राखी पौर्णिमेला वन्सं इथंच होत्या. मुरगूडहून आल्या त्या तेराव्यानंतर गेल्याच नाहीत. तुमची थोरली बहीण, तुम्हाला दरवर्षी राखी बांधून वर दोन शिव्या देणारी. सकाळपासून पिशवीतली राखी काढायच्या, परत ठेवायच्या. मी भाजी निवडत होते. शेवटी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ न्हाय तर वैनी. हात कर फुडं." बांधली. दोघी रडलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि तुमच्या वाटणीच्या दोन शिव्या मला दिल्या. बरं वाटलं.

संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या हातानं आपोआप साबुदाणा भिजत घातला. वन्संनी बघितलं. "आता कुणासाठी उपास धरतीस?" मलाच ते माहीत नव्हतं. तुमच्यासाठी धरत नव्हतेच मी कधी. घरासाठी, पोरासाठी, म्हणून सुरू केलेला. पण एवढी वर्षं का चालवला, ते विचाराल तर खरं सांगते. महिन्यातनं एक संध्याकाळ असा एक माणूस टाकीवर उभा राहायचा, मी जेवावं म्हणून. असला उपास कोण सोडेल?

आपला संदीप पुण्याला परत जाताना माझ्या फोनवर काहीतरी घालून गेला होता. "आई, चंद्र उगवला की फोन वाजंल. कोल्हापूरचीच वेळ हाय, मुंबईची न्हाय." पोरगं तुमच्यावर गेलंय. मी दिवसभर उपास धरला. संध्याकाळी वरणभात, भाजी केली, नैवेद्याला गूळखोबरं. गोडाधोडाचं वर्षभर नाही, पण गूळखोबऱ्याला कुणी नाव ठेवत नाही. भुरभुर पाऊस. मागच्या दारात बसले. सुमन आली, छत्री घेऊन. तिच्यामागं आणखी तिघी-चौघी. सगळ्या सवयीनं टेरेसकडं बघायला लागल्या.

फोन वाजला. टुंग. अहो, तुमच्या आरोळीच्या जागी टुंग! इतका राग आला मला, की तो साबुदाण्याच्या डब्यात घालावासा वाटला.

सुमननं वर बघितलं. आभाळ राखेच्या रंगाचं, कुठं फट नाही. "वैनी, मी चढू का टाकीवर?"

"चढू नको. शिडीला शेवाळ आलंय."

"मग काय करायचं? तुम्ही तर दिसल्याबिगर जेवत न्हाय."

वन्सं आतनं म्हणाल्या, "दूध पी आणि पड. तुझ्या हट्टापायी शिडी चढणारा गेला आता."

त्या बोलायला कडक आहेत, तुम्हाला माहीत आहे. पण खरं तेच बोलल्या. आणि तिथं मला सगळं एकदम समोर आलं, आणि मी पदरात तोंड घालून रडले. गल्लीच्या बायकांसमोर, तेराव्यालासुद्धा नव्हते रडले तशी. सुमन छत्री टाकून जवळ बसली. अहो, मला पटलं होतं. त्या पहाटेच्या कोरीलाच पटलं होतं, ग्रहणाला तर शंकाच उरली नव्हती. राहू कसला डोंबलाचा! पण न दिसता उगवतो असं मी एकदा म्हटलं असतं, तर कॅलेंडर पुरलं असतं. मग तुम्ही कशाला चढला असतात वर? कुणी ओरडलं असतं "आला गं" म्हणून? मी हरायला तयार होते, पण तुमची आरोळी सोडायला तयार नव्हते. दरवेळी वाटायचं, पुढच्या संकष्टीला सांगू. आज नको, आज ओरडूदे.

डोळे पुसले. उठले. चूळ भरली. अंगणात जाऊन, जिकडं बिल्डिंग आहे तिकडं, त्या राखाडी आभाळाकडं बघून हात जोडले.

सुमन म्हणाली, "दिसला व्हय वैनी?"

"न्हाय दिसला. उगवलाय. जावा, जेवा सगळ्या."

त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मग सुमनला हसू फुटलं, डोळ्यात पाणी आणि तोंडावर हसू. "दाजी आसते तर आज गल्लीत साखर वाटली आसती," म्हणाली. वाटली असतीतच. आणि वर मला ऐकवत बसला असतात, दिवाळीपर्यंत.

दोन ताटं वाढली, माझं आणि वन्संचं. उपास माझा, पण त्याही दुपारपासून काही खाल्लेल्या नव्हत्या, मला न सांगता. तुमच्या घराण्याची खोडच आहे ती. पाऊस वाढला होता. चंद्र त्या ढगांच्या मागं वर चढतच असणार, त्याच्या ठरल्या वाटेनं. मी पहिला घास घेतला आणि जेवले, पोटभर जेवले.

तर जिंकलात तुम्ही. जिथं असाल तिथं फार उड्या मारू नका, गुडघे सांभाळा. आणि हे नीट ऐकून ठेवा, कारण एवढ्या स्पष्टपणे मी तुमच्यापुढं आजवर काही कबूल केलेलं नाही. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी यापुढं कधी म्हणणार नाही.